साडूच्या गालातली मागची भिंत

माझ्या साडूला सायनसचं दुखणं झाल्याचं कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्याला झालं म्हणून नव्हे. माझ्या आधी त्याचं निदान झालं म्हणून.

हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं. आजारपणावर लिहिणारी माणसं सहसा धीराची असतात, त्यांना आजार काहीतरी शिकवून जातो. मला आजारात ताप थोडा आला आणि जळफळाट भरपूर झाला. तरी लिहितो आहे, कारण गालाच्या हाडामागे ठणका घेऊन हिंडणारे आणि "सर्दीच तर आहे" हे वाक्य ऐकून विटलेले पुष्कळ जण असतील. त्यांनी माझ्या चुका वाचाव्यात. करायच्याच असतील तर नव्या कराव्यात, या होऊन गेल्या आहेत.

मी जळगावचा. माझं चष्म्याचं दुकान आहे. साडू अशोकराव धुळ्याला सरकारी कचेरीत आहेत. माझी मंगल थोरली बहीण, त्यांची शोभा धाकटी. सासुरवाडी चोपड्याजवळच्या एका गावात, घरची केळी आणि कपाशी. सासऱ्यांना बठ्ठा म्हणजे अख्खा गाव नाना म्हणतो, म्हणून आम्हीही नानाच म्हणतो.

अशोकराव उंच आहेत. केस शाबूत आहेत. आवाज असा की साधं "पाणी द्या" म्हणाले तरी बातम्या लागल्यासारखं वाटतं. स्वभावानंही चांगले आहेत. त्यांच्याबद्दल मला काहीच तक्रार करता येत नाही, ही माझी मोठी तक्रार आहे.

माझी एकमेव गादी

सासुरवाडीत सगळ्या बाबतीत अशोकराव पुढे. एका बाबतीत मात्र मी. भरीत.

थंडी पडली, कपाशीची वेचणी उरकली की नाना शेतात भरिताची पार्टी करतात. वेचून झालेली कपाशीची वाळकी झाडं, ज्यांना आम्ही पऱ्हाट्या म्हणतो, त्यांचा ढीग बांधावर लागलेला असतो. त्या पेटवायच्या आणि त्या जाळावर हिरवी, मोठाली वांगी भाजायची. ऐकायला सोपं आहे. पण धुरात वांगं धड दिसत नाही. आत कच्चं राहिलं तर भरीत तुरट होतं, जास्त झालं तर कडू. वेळ सांगतो तो वास. आधी ओला, हिरवा वास येतो. मग साल करपल्याचा. आणि मग एका क्षणी धुराच्या खालून एक गोडसर वास वर येतो. तो आला की "काढा!" म्हणून ओरडायचं. लग्न झाल्यापासून हे ओरडणं माझ्याकडे होतं. नाना चार लोकांत सांगायचे, "मन्हा थोरला जावईनं नाक म्हंजे नाक शे." त्या एका वाक्यावर माझं वर्ष निघायचं.

आणि श्रावण संपता संपता त्याच नाकाचा वास गेला.

आधी उजव्या गालात ठणका सुरू झाला. खाली वाकलं की गालात कोणी ओली वाळू भरल्यासारखं जड व्हायचं. मग हळूहळू चहा नुसता गरम लागायला लागला, उदबत्ती नुसती धुरकट दिसायला लागली. बाहेरचे सगळे वास बंद. आतून मात्र एकच वास यायचा, कुजका, काहीतरी मेल्यासारखा, आणि तो मला एकट्यालाच.

इथे मी पहिली चूक केली. मी तो वास घराला लावला.

"मंगल, मोरी तुंबली आहे."

"नाही तुंबली."

"मग फ्रिजमध्ये काहीतरी सडलंय."

मंगलनं फ्रिज रिकामा करून पुसला. मोरी धुतली. पाण्याची टाकी उपसायला लावली. चौथ्या की पाचव्या वेळी मी ताटावर बसून नाक मुरडलं, तेव्हा ती भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"अहो, सगळं घर धुऊन झालं. आता फक्त तुम्ही राहिलात."

ती बरोबर बोलत होती. मीच राहिलो होतो. पण त्या दिवसापासून तिनं स्वयंपाक करताना स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायला सुरुवात केली आणि आमच्यात बोलणं कमी झालं. पुढे एकदा मी गॅसजवळ पेपर वाचत बसलो असताना शेजारचं दूध उतू जाऊन, आटून, काळं ठिक्कर पडलं. ती अंगणातून धावत आली. मी अग्रलेखावर होतो. तिनं गॅस बंद केला, पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वास नाही आला?"

"पेपरात लक्ष होतं."

तिनं पातेलं मोरीत नेऊन ठेवलं. पण तिला कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं. मी तिला एवढंच म्हणालो, "माहेरी सांगू नको." माणसाला नोकरी गेल्याचं लपवावंसं वाटतं, तसं मी नाक गेल्याचं लपवत होतो.

त्यांचं दुखणं आणि माझी सर्दी

आणि याच सुमारास अशोकराव आजारी पडले.

नीट आजारी पडले. ताप, डोकेदुखी, डोळ्यांखाली सूज. धुळ्याच्या एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या गालावर जेल लावून एक पेनासारखं यंत्र टेकवलं आणि पडद्यावर सायनस दाखवला. सोनोग्राफी! आमच्या समजुतीप्रमाणे सोनोग्राफी ही पोटाची. गालाची सोनोग्राफी झालेला अख्ख्या नात्यात हा पहिलाच माणूस. त्यांनी पडद्याचा फोटो काढून परिवाराच्या ग्रुपवर टाकला. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ, तिला दोन उंच शिखरं. खाली लिहिलं होतं, "पहिलं शिखर म्हणजे गालाची पुढची भिंत. दुसरं म्हणजे मागची. मागची दिसते म्हणजे मधे पाणी आहे."

खाली हात जोडलेल्यांची ही मोठी रांग लागली.

नाना त्यांना रोज फोन करायला लागले. सासूबाईंनी डिंकाचे लाडू करून धुळ्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवले. मी दोन महिने गाल धरून बसलो होतो. माझा विषय निघाला तेव्हा नाना म्हणाले, "तुमले सर्दी शे जावईबापू. केळं खाऊ नका." केळीच्या बागेच्या मालकानं जावयाला केळं खाऊ नका म्हणणं, यापेक्षा मोठी बेदखली नाही.

मी तो फोटो वारंवार उघडून बघायचो. दोन शिखरं. माझं दुखणं जुनं, माझा वास गेलेला, माझ्या घरात भांडण लागलेलं, आणि मागची भिंत त्यांना! अशोकराव औषधांनी पंधरवड्यात खडखडीत बरे झाले, तेही शिस्तीत. मला वाटलं, एकदा माझ्याही गालाला ते यंत्र लागू दे. मग ग्रुपवर टाकतो.

एकच शिखर

मंगलला घेऊन धुळ्याची बस पकडली. अशोकराव स्टँडवर हजर. आम्हाला रिक्षात बसवलं, स्वतः स्कूटरवर पुढे. दवाखान्यात नंबर आधीच लावून ठेवलेला. कंपाउंडर त्यांना नावानं ओळखत होता. मला तेही लागलं.

डॉक्टर मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. नाकात दिवा घालून पाहिलं, थोडी सूज आहे म्हणाल्या. मग विचारलं, "वास येतो का?"

मंगल बाहेर बाकावर होती. पण अशोकराव दारातच उभे होते, काही लागलं सवरलं तर म्हणून. मी "नाही" म्हणालो असतो, तर संध्याकाळपर्यंत चोपड्याला कळलं असतं आणि या थंडीत वांगी दुसऱ्याच्या हातात गेली असती. कोणाच्या, तेही मला माहीत होतं.

"येतो की," मी म्हणालो.

डॉक्टरांशी खोटं बोलू नये हे सगळेच सांगतात. मी जरा नेमकं सांगतो: नातेवाइकाला दाराबाहेर काढा, मग खोटं बोलायची गरज राहत नाही.

मग यंत्र आलं. लॅपटॉपएवढा पडदा, हाताच्या अंतरावर, माझ्या डोळ्यांसमोर. मॅडमनी जेल घेतलं. "चष्मा काढता?"

"फ्रेम लहान आहे मॅडम, अडचण नाही येणार. माझं चष्म्याचंच दुकान आहे."

दुकानाचा काय संबंध, हे त्यांनी विचारलं नाही. खरं कारण वेगळं होतं. चष्मा काढला तर मला पडदा दिसला नसता, आणि मी आलो होतो ते पडदा बघायला. माझा चष्मा दोन काचांचा, वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं. अशा चष्म्याचं गिऱ्हाईक नवीन असलं की मी त्याला शिकवतो: समोरचं जवळचं वाचायचं तर हनुवटी उचला, खालच्या काचेतून बघा. हजारदा सांगितलेलं वाक्य अंगात मुरतं. यंत्र गालाला टेकलं, पडद्यावर हिरवी रेघ उगवली आणि माझी हनुवटी आपोआप वर गेली.

"मान पुढे घ्या जरा."

"हो मॅडम." घेतली. रेघ अंधुक झाली. हनुवटी परत वर.

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. मीही पडद्याकडे बघत होतो. माझ्या मानेकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. रेघेला अगदी सुरुवातीला एक शिखर आलं आणि पुढे ती सपाट, पांझरा नदीच्या उन्हाळ्यातल्या पात्रासारखी. मी वाट पाहिली. दुसरं येईना. डाव्या गालालाही तेच.

"दोन्हीकडे हवाच दिसते," मॅडम म्हणाल्या. "हवेतून हा आवाज पुढे जात नाही, पहिल्याच भिंतीवरून परत येतो."

"पण अशोकरावांना दोन आली होती."

"त्यांच्या गालात पाणी होतं."

"माझ्यातही असेल. नीट बघा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आजार नाही म्हटल्यावर हिरमुसणारे पेशंट त्यांनी पाहिले असावेत. "हे यंत्र म्हणजे शेवटचा शब्द नाही," त्या म्हणाल्या. "फवारा लिहून देते. त्रास राहिला तर या, पुढचं बघू."

बाहेर आलो. अशोकराव लगबगीनं पुढे आले. "काय निघालं?"

"काही नाही."

"अरे वा! सुटलात, साडूभाऊ!"

त्यांना मनापासून आनंद झाला होता. तो आनंद मला सहन होईना.

पाण्याची बाटली

जेवायला त्यांच्या घरी. शोभानं शेवभाजी केली होती, लालभडक. माझ्या दृष्टीनं ती नुसती तिखट आणि ओली होती. "झकास झाली आहे," मी म्हणालो. मंगलनं माझ्याकडे पाहिलं आणि ताटात बघत राहिली.

अशोकरावांनी भाकरी चुरली आणि सहज म्हणाले, "साडूभाऊ, एक विचारू का? तुम्हाला मान वर करून का बसवलं होतं?"

"बसवलं नव्हतं. बसलो होतो."

"मला तर मॅडमनी स्वतःच्या चपला बघायला लावल्या होत्या. म्हणाल्या, पाणी पुढच्या भिंतीला येऊन टेकलं तरच यंत्राला दिसतं. मी दारातून तुमचं पाहिलं. मला वाटलं, थोरल्या जावयाला वेगळी पद्धत असेल."

शोभा हसली. मग तिच्या लक्षात आलं की कोणीच हसत नाहीये.

अशोकरावांनी टेबलावरची अर्धी भरलेली पाण्याची बाटली उचलली. आडवी धरली आणि तिचं एक टोक माझ्याकडे तिरपं केलं. पाणी माझ्या बाजूला आलं. मग उलट्या बाजूला तिरपं केलं. पाणी निघून गेलं, माझ्या बाजूला नुसती हवा. "असं," ते म्हणाले. एवढंच.

मी त्या बाटलीकडे बघत राहिलो. आजाराचं नाव आधी त्यांना मिळालं. परीक्षा त्यांनी नीट दिली. आता माझा पेपरही तेच तपासत होते. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की त्यांच्या शब्दावर परत दवाखान्यात जाण्यापेक्षा हा गाल असाच घेऊन जळगावला जावं.

"उठा," मंगल म्हणाली.

"तीनची बस चुकेल."

"चुकू दे. उठा." आणि मग बहिणीकडे वळून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांना वास येत नाही, शोभा. श्रावणापासून. दूध शेजारी जळालं तरी कळलं नाही. उद्या गॅस सुटला तर मी काय करू?"

तिचा आवाज शेवटी चिरकला. घर धुताना चिरकला नव्हता, टाकी उपसताना चिरकला नव्हता. ती माझ्यावर चिडली आहे असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. ती घाबरली होती.

अशोकराव हात धुऊन स्कूटरची किल्ली घेऊन उभे होते.

"बघू नका!"

दुसऱ्यांदा खुर्चीत बसलो तेव्हा चष्मा मंगलच्या हातात होता. मॅडमना सगळं सांगितलं: वास, कुजका दर्प, दूध, हनुवटी. त्या म्हणाल्या, "सकाळी मीच मान धरायला हवी होती." मोठ्या मनाच्या बाई.

मी चपलांकडे बघत बसलो. यंत्र गालाला टेकलं. 

"आलं," मॅडम म्हणाल्या.

"काय आलं?" मी मान उचलायला लागलो.

"बघू नका!" मॅडम, मंगल आणि दारातून अशोकराव असे तिघं एकदम ओरडले.

अशा रीतीनं माझी मागची भिंत मी सोडून सगळ्यांनी पाहिली. पण ती फक्त उजवीकडे होती. डावी बाजू स्वच्छ. अशोकरावांना दोन्ही गालांत होती हे मला आठवलंच. पण या वेळी मॅडमचा चेहरा पाहून मी गप्प बसलो.

"एकाच बाजूला आहे, वास घाणेरडा आहे, आणि इतके दिवस झाले," त्या म्हणाल्या. "असं असलं की पूर्ण बघितल्याशिवाय मी सोडत नाही. सिटी स्कॅन करून घ्या. आणि वरचा उजवा दात कधी दुखला होता का?"

दाढेला मागे टोपी बसवली होती. सुपारी फोडताना तिचा तुकडा उडाला होता म्हणून. तिचा नाकाशी काय संबंध, मला कळलं नाही. मला फक्त "पूर्ण बघितल्याशिवाय" एवढंच ऐकू आलं होतं.

"मॅडम, दुसरं काही असू शकतं का?"

"बहुतेक दातच असेल. पण बहुतेकवर मी थांबत नाही."

जळगावच्या बसमध्ये मंगलनं खिडकीची जागा मला दिली. पारोळा आलं. पुढच्या सीटवरच्या बाईनं डबा उघडला. तिच्याबरोबरची म्हणाली, "काय गं, मेथी का?" आणि मला त्या अनोळखी बाईचा एवढा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नाकाला मेथी कळत होती. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. नुसतं विचारलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मंगलनं माझा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि जळगाव येईपर्यंत सोडला नाही.

वॉर्डातले दिवस

दातच निघाला. टोपीखाली दाढेचं मूळ सडलं होतं आणि त्याचं टोक वर सायनसच्या तळाला जाऊन भिडलं होतं. म्हणजे मी घरभर शोधत होतो ती घाण माझ्या जबड्यात होती. फ्रिजची मी मनातल्या मनात माफी मागितली. मंगलची मोठ्यानं मागितली. ती म्हणाली, "टाकीचीही मागा."

आधी दाढ काढली, मग धुळ्यालाच भरती होऊन नाकातून दुर्बीण घालून सायनस साफ केला. त्याचं वर्णन करत नाही, कारण मी झोपलो होतो. जागा झालो तेव्हा नाकात बोळे आणि घशाला कोरड. ज्यांची अशी शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांना एक सांगतो: त्रास दुखण्याचा कमी, तोंडानं श्वास घेण्याचा जास्त. ओठांना लावायला तूप जवळ ठेवा. आणि पाणी घोट घोट प्या, तांब्याला तोंड लावून ढसाढसा पिऊ नका. मी प्यायलो. ठसका लागला आणि नर्सबाई धावत आल्या.

अशोकरावांनी कचेरीतून रजा घेतली. थर्मासमध्ये चहा, सकाळी पेपर. बोळ्यांनी फुगलेल्या नाकावर माझा चष्मा ठरत नव्हता म्हणून ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. दोनच दिवसांत अख्खा वॉर्ड त्यांच्या आवाजासाठी सकाळी तयार होऊन बसायला लागला. पलीकडच्या खाटेवरचे आबा मला म्हणाले, "तुमचा भाऊ लाख माणूस आहे हो." मी नाकात बोळे असल्याचा फायदा घेऊन उत्तर दिलं नाही.

हे आबा फिनाइलच्या वासाला शिव्या घालायचे. फरशी पुसली की म्हणायचे, "डोकं उठलं या वासानं!" त्यांच्याकडे मी, सुबत्तेत लोळून कुरकुर करणाऱ्या माणसाकडे बघावं, तसा बघायचो.

बोळे निघाले. श्वास मोकळा झाला. कुजका दर्प गेला, तो मात्र खरोखर गेला, आणि त्या रात्री मी कित्येक दिवसांनी शांत झोपलो. पण फिनाइलचा वास काही आला नाही.

"येईल का परत?" मी मॅडमना विचारलं.

"बऱ्याच जणांचा येतो. वेळ लागतो. पण खात्री देणार नाही मी." त्यांनी खोटा धीर दिला नाही. त्या दिवशी मला तो हवा होता.

घरी आल्यावर मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं सुरू झालं. मंगल रोज सकाळी माझ्यासमोर चहाची पावडर, लवंग, लिंबाचं साल धरायची. मी डोळे मिटून हुंगायचो. "काय आहे?" ती विचारायची. मी अंदाजानं "लवंग" म्हणायचो. ती वाटी बाजूला ठेवायची. बरोबर की चूक, सांगायची नाही. त्यावरूनच कळायचं.

पऱ्हाट्यांचा धूर

थंडी पडली आणि नानांचा फोन आला. भरीत.

शेतात पोचलो तेव्हा पऱ्हाट्यांचा ढीग तयार होता आणि माझ्यासाठी कडुलिंबाखाली प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली होती. खुर्ची पाहिली आणि समजलो.

"नाक कसं शे आते?" नानांनी विचारलं.

"बरं आहे नाना."

"तुम्ही औंदा बसा जावईबापू. धुरमा जाऊ नका. अशोकराव भाजतीन."

मी मफलर गुंडाळून खुर्चीत बसलो, रिटायर झालेल्या हेडमास्तरासारखा. अशोकराव बाह्या सरसावून जाळाजवळ गेले. वांग्यांना तेलाचा हात लावला, टोचे मारले, पऱ्हाट्यांवर मांडली. एवढं त्यांना कोणी शिकवलं? मीच. दरवर्षी माझ्या शेजारी उभं राहून बघत होते. काठीनं एकेक वांगं फिरवत होते, सावकाश, जपून. धुरातही देखणे दिसत होते. बायका पलीकडे लसूण-मिरची निवडत होत्या. नाना कोणाला तरी सांगत होते, "आमना धुळाना जावई."

मी मनात म्हटलं, करपू दे. एकदा करपू दे. एक वर्ष सगळ्यांनी कडू भरीत खाऊ दे.

धूर माझ्याकडे वळला. मी सवयीनं श्वास घेतला.

ओलं. हिरवं.

मी खुर्चीत सरळ झालो. आठवण आहे, मी स्वतःला सांगितलं, नाकाला जुनं आठवतंय. परत श्वास घेतला. साल करपल्याचा वास होता, पुसट, पलीकडच्या शेतातून यावा तसा. पण होता. मी हलायला घाबरत होतो. हललो तर जाईल असं वाटत होतं. अशोकराव वाकून एका वांग्याला काठी टोचून बघत होते आणि मान हलवत होते, अजून थोडं, अजून थोडं.

आणि मग धुराच्या खालून तो गोडसर वास वर आला.

आता गंमत बघा. मला कळलं होतं आणि त्यांना कळलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर जे मनात मागितलं तेच झालं असतं. वांगी कोळसा झाली असती, पुढच्या वर्षी गादी परत माझी. मी नुसतं खुर्चीत बसून राहायचं होतं.

"काढा!"

एवढ्या जोरात ओरडलो की बांधावरचे बगळे उडाले. "काढा अशोकराव, काढा, झालं!"

अशोकरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठीनं भराभर वांगी बाहेर ओढली. सगळी बाहेर आल्यावर मग थबकले, वळले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. काठी हातात तशीच.

मंगल लसणाची पाटी टाकून आली. तिला वांग्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं एक मूठ माझ्या नाकाखाली धरली.

"हे काय?"

"लसूण."

तो कोणालाही आला असता, असं तिला वाटलं असावं. तिनं पलीकडून काहीतरी खुडून आणलं, मागे लपवलं, मग मला डोळे मिटायला लावून धरलं.

"आणि हे?"

"कोथिंबीर."

या वेळी तिनं सांगितलं. "बरोबर," ती म्हणाली, आणि तिथेच बांधावर खाली बसली.

भरीत ठेचून, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून तयार झालं. केळीच्या पानांवर पंगत बसली. नानांनी पहिला घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि मोठ्यानं म्हणाले, "अशोकरावना हातले चव शे!"

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी तर म्हणालं, एवढं चांगलं कधीच झालं नव्हतं. कधीच! माझी सगळी वर्षं त्या एका शब्दात गेली. मी "काढा" म्हणालो नसतो तर त्या हाताला कोळसा लागला असता, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला मी तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या मंगलनं त्यात भाकरी-भरिताचा मोठा घास कोंबला.

घासाला धुराचा वास होता. मी गप्प बसलो आणि चावत राहिलो.